फटीग : थकव्याच्या एका इंग्रजी शब्दाचा प्रवास

(१)
राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात 'फटीग' हा शब्द कानी पडला की छात्रांचे चेहरे उतरतात. मैदान झाडणे, तंबूंभोवती चर खणणे, पाणी वाहणे अशी बंदूक बाजूला ठेवून करावयाची कष्टाची कामे म्हणजे फटीग. दवाखान्यात डॉक्टर हाच शब्द 'थकवा' या अर्थाने वापरतात. विमानांची तपासणी करणारा अभियंता मात्र धातूला हळूहळू जाणाऱ्या तड्यांविषयी बोलताना तोच शब्द उच्चारतो. सैनिकाची बिगारी, माणसाचा शीण आणि लोखंडाची चीर या तिन्हींना एकच नाव कसे मिळाले, याचा हा इतिहास.

(२)
थकव्यासाठी इंग्रजीत स्वतःचे जुने शब्द होतेच. 'विअरी' आणि 'टायर्ड' हे दोन्ही शब्द प्राचीन इंग्रजीच्या घरातले. 'फटीग' हा पाहुणा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचला तो लॅटिनच्या 'फातिगारे' या क्रियापदापासून मिळाला होता. शब्दकोश 'फातिगारे'चा अर्थ 'दमवणे, थकवणे' असा देतात. परंतु त्या शब्दाची घडण पाहिली की त्यात अधिक काही दडलेले दिसते.

(३)
भाषाभ्यासकांच्या प्रचलित मतानुसार या क्रियापदाचा उत्तरार्ध 'आगेरे' या धातूशी जुळतो. 'आगेरे' म्हणजे हाकणे, पुढे लोटणे. पूर्वार्धाचा संबंध 'फातिस्केरे' या क्रियापदाशी जोडला जातो. त्याचा अर्थ तडकणे, भेगाळणे, सांधे सुटून खिळखिळे होणे. दोन्ही भाग एकत्र वाचले तर अर्थ होतो : तडे जाईपर्यंत हाकणे.

(४)
रोमन महाकवी व्हर्जिल याच्या 'एनीड' या महाकाव्यात हे दोन्ही शब्द भेटतात. पहिल्या सर्गात वादळात सापडलेल्या जहाजांच्या फळ्यांचे सांधे उसवतात आणि पाणी आत शिरते. तेथे कवीने 'फातिस्केरे' योजले आहे. नवव्या सर्गात एक योद्धा बढाई मारतो की आमचे लोक बैलांच्या पाठीवर भाल्याचा दांडा टोचून त्यांना हाकतात. तेथील क्रियापद आहे 'फातिगारे'. एकात फुटणारी वस्तू आहे, दुसऱ्यात हाकला जाणारा जीव.

(५)
मराठीत 'थकणे' आणि 'थकवणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. थकणाऱ्याला एकट्याने थकता येते. थकवण्यासाठी मात्र दुसरा कोणीतरी लागतो. 'फातिगारे'चे नाते 'थकवणे'शी आहे. या शब्दात बैलाबरोबर दांडा धरणारा हातही आहे. पुढच्या काळात शब्द जसजसा फिरला तसतसा तो हात कधी दिसला, कधी दृष्टीआड झाला. या शब्दाचा खरा इतिहास त्या हाताच्या दिसण्या-न दिसण्याचा आहे.

(६)
अठराव्या शतकात हा शब्द छावणीत स्थिरावला. लष्करी परिभाषेवर फ्रेंचची छाप होतीच. बॅयोनेट आणि प्लाटून हे शब्दही इंग्रजीला तिकडूनच मिळाले. किल्ल्याला वेढा घालायचा तर आधी मैलोगणती चर खणावे लागत, मातीचे बांध रचावे लागत, तोफांसाठी वाटा कराव्या लागत. लाकूडफाटा, पाणी आणि साफसफाई ही कामे रोजचीच. लढाईव्यतिरिक्तच्या या श्रमांना 'फटीग' म्हटले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकात अशा कामासाठी घालायच्या साध्या कपड्यांनाही तेच नाव मिळाले. आज दुकानांत 'फटीग' म्हणून विकल्या जाणाऱ्या खाकी-हिरव्या विजारींचे कूळ हेच.

(७)
छावणीतल्या या अर्थात हाकणारा हात स्पष्ट दिसतो. फटीग कोणी करायची हे हुकुमावर ठरे. शिस्त मोडणाऱ्याला शिक्षा म्हणूनही ती दिली जाई. ज्याच्या वाट्याला सतत कुदळ येई, त्याला बंदुकीचा सराव कमी मिळे आणि सन्मानही. हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात.

(८)
१८६३ पासून उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांची मोठ्या प्रमाणावर भरती सुरू झाली. त्यांतील अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. युद्ध संपेपर्यंत ही संख्या सुमारे १,८०,००० झाली. गणवेश मिळाला, पण अनेक ठिकाणी हातात आली ती कुदळच. साउथ कॅरोलायनाच्या मॉरिस बेटावर १८६३ च्या उन्हाळ्यात वेढ्याचे चर खणण्याचे काम त्यांनी तोफांच्या माऱ्याखाली केले. गोऱ्या पलटणींच्या छावण्या तयार करून देण्यासही त्यांना जुंपले जाई. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरात तेथील सेनापती क्विन्सी गिलमोर याला या प्रथेस मनाई करणारा हुकूम काढावा लागला.

(९)
या भेदामागे कायद्याचाही आधार होता. १८६२ च्या मिलिशिया कायद्याने कृष्णवर्णीयांना प्रामुख्याने मजूर म्हणून गृहीत धरले होते. त्यामुळे गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, तर कृष्णवर्णीयाला १० आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हे अपुरे वेतन स्वीकारण्यास नकार दिला आणि पगाराविना लढणे पत्करले. पुरेसे वेतन आणि फटीगमधला न्याय्य वाटा या दोन्ही मागण्यांचा गाभा एकच होता : आम्हांला सैनिक म्हणून मोजा.

(१०)
१४ जून १८६४ रोजी अ‍ॅड्ज्युटंट जनरल लॉरेन्झो थॉमस याने हुकूम काढला. तटबंदीची आणि छावणीची बहुतेक कामे कृष्णवर्णीय पलटणींकडून करवून घेण्याची प्रथा बंद व्हावी, आणि गोऱ्या पलटणींबरोबर फटीगचा केवळ न्याय्य वाटाच त्यांच्यावर पडावा, असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात संसदेने समान वेतन मान्य केले. परंतु अनेकांसाठी तोवर उशीर झाला होता. या युद्धात सुमारे ४०,००० कृष्णवर्णीय सैनिक मरण पावले आणि त्यांतील सुमारे ३०,००० रोगराईने. 'फटीग' या शब्दापुढे 'न्याय्य वाटा' हे शब्द सरकारी हुकुमात यावेत, यासाठी एवढी किंमत मोजावी लागली.

(११)
या युद्धाच्या आधीच हा शब्द छावणीतून कारखान्याकडे निघाला होता. त्या वाटेवर एका सैनिकाचीच भेट होते. ज्याँ-व्हिक्तॉर पाँस्ले हा नेपोलियनच्या सैन्यातील तरुण अभियंता. १८१२ च्या रशियन मोहिमेत क्रास्नोयच्या लढाईनंतर तो कैद झाला आणि कडाक्याच्या थंडीत, काही महिने पायी चालत, व्होल्गाकाठच्या सारातोव्हला पोहोचला. बंदिवासात हाताशी एकही पुस्तक नसताना त्याने भूमितीचा नवा विचार मांडला. मायदेशी परतल्यावर मेत्स येथे तो अभियंत्यांना यंत्रशास्त्र शिकवू लागला. १८३९ च्या सुमारास त्याने लोखंडी स्प्रिंगांविषयी लिहिताना म्हटले की उत्तमातली उत्तम स्प्रिंगही कालांतराने थकते.

(१२)
लोखंड थकते, ही तोवर केवळ एक उपमा होती. तीन वर्षांत तिच्या मागे भीषण वास्तव उभे राहिले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायच्या उद्यानात राजा लुई-फिलिपच्या सन्मानार्थ उत्सव होता. संध्याकाळी पॅरिसकडे परतणारी आगगाडी प्रवाशांनी खच्चून भरली होती. मदाँजवळ पुढच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकांना जोडणारा ॲक्सल, मोडला. मागचे इंजिन आणि डबे त्यावर आदळले, निखारे उधळले आणि लाकडी डब्यांनी पेट घेतला. त्या काळी प्रवासात डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद ठेवत. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अंटार्क्टिकाचा किनारा गाठून आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यातच गेला.

(१३)
कुलूप लावण्याची प्रथा फ्रान्सने पुढे सोडली. पण आस का मोडला, हा प्रश्न उरला. त्या काळी रेल्वेचे आस असेच अचानक मोडत. नवे असताना भक्कम, तपासणीत निर्दोष, भारही नेहमीचाच, तरीही एके दिवशी दोन तुकडे. तुटलेल्या जागी लोखंड खड्यांसारखे चमकताना दिसे. म्हणून बहुतेकांची समजूत अशी झाली की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची जातच बदलते, तंतुमय धातूचे स्फटिक बनतात. थोडक्यात, दोष लोखंडाच्या अंगचा.

(१४)
स्कॉटलंडमधील विल्यम रँकिन या विशीतल्या अभियंत्याने १८४३ मध्ये मोडलेल्या आसांचा अभ्यास मांडला. त्याचे निरीक्षण सोपे आणि नेमके होते. आसाची जाडी जेथे एकदम कमी होते, त्या खाचेच्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते. ती कडेकडेने आत सरकत राहते. शेवटी मध्यभागी उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि तुटतो. त्याचा उपायही तितकाच साधा : तीक्ष्ण कोपरा ठेवू नये, तेथे गोलाई द्यावी. पुढे १८५४ मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट याने लंडनच्या अभियंत्यांपुढे वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकातच 'धातूंचा फटीग' असा उल्लेख केला आणि उपमेची संज्ञा झाली.

(१५)
या संज्ञेला आकड्यांचा पाया दिला तो प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्योलर याने. फिरणाऱ्या आसाचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. गाडी धावत असताना हे लाखो वेळा घडते. व्योलरने लोखंडाचे नमुने यंत्रावर वजन टांगून फिरवत ठेवले, तुटेपर्यंतचे फेरे मोजले आणि १८७० मध्ये या दीर्घ प्रयोगमालेचा सारांश प्रसिद्ध केला. एका फटक्यात मोडण्यासाठी जेवढा ताण लागतो, त्याहून कितीतरी कमी ताणही पुनःपुन्हा दिला तर लोखंड मोडते. उलट, ताण एका ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर तेच लोखंड लक्षावधी फेरे निमूटपणे सोसते.

(१६)
१९०३ मध्ये यूइंग आणि हंफ्री या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली लोखंड पाहिले. वारंवार ताण दिल्यावर धातूच्या कणांवर आधी बारीक रेषा उमटतात, त्या दाट होतात आणि त्यांतूनच चीर जन्म घेते. स्फटिक होण्याची समजूत येथे निकालात निघाली. लोखंडाची जात बदलत नव्हती, त्याला तडे जात होते. लॅटिनच्या त्या जुन्या 'फातिस्केरे'चा, जहाजाच्या उसवलेल्या फळ्यांचा अर्थ, दोन हजार वर्षांनी पोलादात पुन्हा उघडा पडला.

(१७)
लोखंडाच्या बाबतीत प्रश्न बदलला होता. 'हा आस नालायक का निघाला?' असे विचारणे थांबले आणि 'यावर किती भार, किती वेळा पडला?' असे विचारले जाऊ लागले. माणसाच्या बाबतीत मात्र हा बदल सहजासहजी झाला नाही. गिरणीत बारा-चौदा तास उभा असलेला कामगार मंदावला तर त्याचे कारण आळस, व्यसन किंवा बेशिस्त यांतच शोधले जाई. त्याचा थकवा मोजता येत नव्हता आणि जे मोजता येत नाही ते मालकाच्या हिशेबात नव्हते.

(१८)
इटलीतील तुरिनचा शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो याने तो मोजण्याचे साधन केले. त्याच्या अर्गोग्राफ या यंत्रात हात बांधून एकच बोट मोकळे ठेवत आणि त्या बोटाने दोरीला टांगलेले वजन पुनःपुन्हा उचलायला लावत. उचल कमी होत जाई आणि कागदावर थकव्याची वक्ररेषा उमटे. आपल्या सहकाऱ्यांचे बोट त्याने विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर तपासले. परीक्षा घेणाऱ्याचे बोटही दमलेले निघाले. बुद्धीचे काम स्नायूंनाही शिणवते, हे त्यातून दिसले. १८९१ मध्ये या विषयावर त्याचा ग्रंथ आला. नाव होते 'ला फातिका', म्हणजे आपला हाच शब्द, इटालियन वेशातला.

(१९)
याच काळात मुंबईच्या गिरणी कामगारांनी यंत्रावाचून तीच गोष्ट सांगितली. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या नावाने निवेदन तयार झाले. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार अशा त्यांच्या मागण्या होत्या. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. कामाच्या तासांचे दुखणे मात्र उरलेच. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या रोजच्या तासांवर कायद्याची मर्यादा आली ती १९११ मध्ये, आणि तीही बारा तासांची.

(२०)
माणसाचा थकवा सरकारी दप्तरी गांभीर्याने नोंदला गेला तो दयेपोटी नव्हे, तोफगोळ्यांपोटी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत स्त्री-पुरुष रविवारीही राबत होते आणि तरीही उत्पादन पुरे पडत नव्हते. १९१५ मध्ये या कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमण्यात आली. तिच्यासाठी होरेस व्हर्नन याने तास आणि उत्पादन यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या. फार लांब आठवडा आखूड केल्यावर दर तासाचे काम इतके वाढत होते की एकूण उत्पादन घटण्याऐवजी काही ठिकाणी वाढले. १९१८ मध्ये तेथे स्वतंत्र संशोधन मंडळच स्थापन झाले आणि त्याच्या नावात 'औद्योगिक फटीग' हे शब्द होते. लोखंडाबद्दल व्योलरने जे विचारले होते ते माणसाबद्दल विचारायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

(२१)
मात्र लोखंडाचा धडाही कायमचा पाठ झाला नव्हता. १९५२ मध्ये 'कॉमेट' हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान सेवेत आले. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले आणि ३५ जण मरण पावले. ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ कोसळले, त्यात २१ गेले. इंग्लंडमधील फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले गेले. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब चढतो आणि उतरतो, तसा दाब पाण्याने पुनःपुन्हा दिला गेला. प्रत्यक्ष आणि कृत्रिम मिळून सुमारे ३,००० उड्डाणांनंतर विमानाची कातडी फाटली. ताण साचला होता तो चौकटींच्या कोपऱ्यांपाशी. रँकिनने आसांच्या कोपऱ्यांविषयी सांगितले होते, त्याला १११ वर्षे झाली होती.

(२२)
आज प्रवासी विमानाच्या सांगाड्याने किती वेळा दाब सोसला याची नोंद ठेवली जाते आणि ठरावीक फेऱ्यांनंतर त्याची कसून तपासणी होते. त्याच विमानाच्या वैमानिकाने सलग किती तास काम करावे आणि किती विश्रांती घ्यावी, याचेही नियम आहेत. भारतात ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. दोन्ही नियमांच्या मुळाशी शब्द एकच : फटीग. धातू आणि माणूस यांचा हिशेब एकाच विमानात, एकाच नावाने ठेवला जातो.

(२३)
मराठीत माणूस थकतो, तसाच हप्ताही थकतो. वेळेवर न फेडलेल्या देण्याला 'थकबाकी' म्हणतात. लॅटिनशी या शब्दाचे नाते नाही, पण व्योलरच्या यंत्राने जे दाखवले ते या एका मराठी शब्दात मावते. प्रत्येक फेऱ्याची थोडी बाकी उरते, ती दिसत नाही, साचत जाते आणि एके दिवशी एकदम वसूल होते. आस अचानक मोडला असे लोक म्हणतात. तो अचानक मोडलेला नसतो.

(२४)
मॉरिस बेटावरचा सैनिक, मुंबईचा गिरणी कामगार, दारूगोळा कारखान्यातील स्त्री, यांपैकी कोणीही स्वतःच्या दुबळेपणाची कैफियत मांडत नव्हते. वाटा किती, तास किती, विश्रांती किती, असे ते विचारत होते. थकलेल्याच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी भाराकडे पाहावे, हे त्यांचे म्हणणे होते आणि लोखंडानेही तेच सिद्ध केले. 'फटीग' या शब्दाच्या पोटात हाकणारा हात पहिल्यापासून होता. इतिहासात ज्या ज्या वेळी तो हात पाहिला गेला, त्या त्या वेळी कोणाचा तरी आस मोडण्यापासून वाचला.